गुलाबपाणी: पातेल्यातलं, बाटलीतलं, आणि डोळ्यात मुळीच नको

मागच्या वेळी उन्हाळ्यात चेहरा कसा सांभाळावा हे लिहिताना गुलाबपाण्याचा नुसता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते. हे पान पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगते: अंबाजोगाईत आमचं औषधाचं दुकान आहे. एकतीस वर्षं मी काउंटरमागं उभी राहिले, आता सून बसते. माझं शिक्षण फार्मसीच्या पदविकेपर्यंत, मी डॉक्टर नाही. जिथं डॉक्टरच लागतो तिथं मी तसंच सांगते. पत्र लिहिणाऱ्यांची नावं छापत नाही, फक्त गाव छापते.

परतूरहून एक ताई लिहितात: "अंगणातल्या गुलाबाच्या पाकळ्या पाण्यात उकळल्या, गाळून बाटलीत भरल्या. छान गुलाबी पाणी झालं. सहाव्या दिवशी झाकण उघडलं तर आंबूस वास आणि तळाला बुळबुळीत धागे. माझं काय चुकलं?"

ताई, तुमचं गुलाबपाणी बिघडलं नाही, ते मुळात झालंच नव्हतं. तुम्ही पाकळ्यांचा काढा केलात. रंग आला तिथंच ओळखायचं. खरं गुलाबपाणी विहिरीच्या पाण्यासारखं नितळ असतं, कारण ते वाफेचं पाणी आहे. पाकळ्या तापल्या की वाफेबरोबर सुगंध वर जातो. रंग, साखर आणि तुरट अंश खाली भांड्यातच राहतात. काढ्यात हे सगळं उतरतं, आणि जंतूंना आयतं जेवण मिळतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये स्वयंपाकघरात रात्रीसुद्धा अंगाला घाम सुटतो. अशा उन्हाळ्यात काढा सहा दिवस टिकला हेच नवल.

वाफेचं पाणी कसं धरायचं हे मी माहेरी शिकले. माझं माहेर खुलताबादचं. दर्ग्यांपुढं फुलं आणि चादरी विकणारी दुकानं आहेत, त्यातल्याच एका घरातली चाची आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. उरलेली फुलं ती कधी फेकायची नाही. तिनंच मला सांगितलं की 'गुलाब' हा शब्दच मुळात पाण्याचा आहे: फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. म्हणजे आपण गुलाबपाणी म्हणतो तेव्हा दोनदा पाणी म्हणतो. आपल्या लग्नात अत्तरगुलाब होतं, चांदीच्या गुलाबदाणीतून अंगावर शिंपडतात, त्यातला 'गुलाब' हा असा पाण्याचा.

तिकडे उत्तर प्रदेशात कन्नौजला हेच काम तांब्याच्या मोठ्या देगांमध्ये होतं. देगाचं तोंड मातीनं लिंपून बंद करतात, त्यातून बांबूची नळी निघते आणि ती गार पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करायच्या भांड्यात, उतरते. भट्टीवर बसलेला माणूस भपक्याला हात लावून वाफ किती येते ते ओळखतो. चाचीकडे ना देग होता ना भपका. तिचं सगळं एका पातेल्यात व्हायचं, आणि माझंही अजून तसंच होतं.

स्टीलचं खोल पातेलं घ्या. मधोमध एक वाटी पालथी ठेवा आणि तिच्यावर दुसरी रिकामी वाटी उताणी. वरच्या वाटीचे काठ पाण्याच्या बरेच वर राहिले पाहिजेत. भोवतीनं पाव किलो पाकळ्या पसरा आणि त्या जेमतेम बुडतील इतकं पाणी घाला, साधारण दीड लिटर. पाणी बोअरचं असलं तरी चालतं, कारण क्षार वाफेबरोबर वर जात नाहीत, पातेल्याच्या बुडाशी बसतात. आता पातेल्यावर झाकण उलटं ठेवा, म्हणजे त्याची मूठ आत, बरोबर वाटीच्या वर येईल. झाकणाच्या खोलगट भागात बर्फ घाला. आच मंद ठेवा. पाणी खदखदलं तर पाकळ्यांचं पाणी उडून वाटीत पडतं आणि सगळं मुसळ केरात जातं.

पाच-सात मिनिटांनी कान देऊन ऐकलं तर टप टप असा आवाज येतो. झाकणाला लागलेली वाफ गार होऊन मुठीवरून वाटीत ठिबकत असते. बर्फ वितळला की पाणी काढून नवा घालायचा, असं दोन-तीनदा. मी गॅसपाशीच उभी राहते, कारण कधी थांबायचं हे घड्याळ सांगत नाही, नाक सांगतं. सुरुवातीचं पाणी सर्वांत सुगंधी असतं. अर्ध्या तासानंतर केव्हातरी गुलाबाचा वास मागं पडतो आणि उकडलेल्या पाल्याचा वास पुढं येतो. तिथं गॅस बंद. आणखी वाटीभर मिळेल या आशेनं थांबलात तर आधीचं चांगलं पाणीही नासतं. माझ्या पातेल्यातून एका वेळी मोठा पेलाभर निघतं, त्याहून जास्त नाही.

गुलाबाच्या वासातला फिनाइल इथाइल अल्कोहोल नावाचा एक घटक पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. बाकीचे बरेचसे तेलकट घटक पाण्यावर तरंगतात, आणि त्यांचंच अत्तर होतं. म्हणून गुलाबपाण्याचा वास अत्तरापेक्षा हलका आणि मधासारखा लागतो. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात हे लक्षात घेतलं की तीस रुपयांच्या बाटलीवर 'शुद्ध गुलाबतेलयुक्त' असं छापलेलं वाचून काय समजायचं ते तुम्हीच ठरवा.

साठवणीचं लक्ष देऊन वाचा. काचेच्या लहान बाटल्या दहा मिनिटं उकळून पालथ्या वाळवा. पाणी कोमट असताना न भरता पूर्ण गार झाल्यावर भरा. फ्रीजमध्ये आठ दिवस, फार तर दहा. फ्रीज नसेल किंवा तुमच्या गावात लाइट दिवसदिवस जात असेल तर दोन दिवसांपुरतंच करा. माठाजवळ ठेवलं तर गार लागतं, पण टिकत नाही. बाटलीत बोट घालायचं नाही, कापूस बुडवायचा नाही, हातावर ओतून घ्यायचं. वास जरा वेगळा वाटला, पाणी गढूळ दिसलं, काही तरंगताना दिसलं की झाडाला घाला.

आणि फुलं कोणती? ज्या झाडावर गेल्या महिनाभरात फवारणी झालेली नाही त्याची, पहाटे तोडलेली. ऊन चढलं की वास उडून जातो. हाराचे लाल टपोरे गुलाब आणू नका. ते बहुतेक फवारलेले असतात आणि दिसायला देखणे असले तरी वासाला जेमतेम. देवळातलं निर्माल्यही नको. देवाचं आहे म्हणून त्याला कीटकनाशक लागलेलं नसतं असं नाही.

लातूरची कॉलेजातली मुलगी: "आमच्याकडे गुलाबाचं झाड नाही. दुकानात एक बाटली स्वस्त असते, एक पाचपट महाग. फरक काय? आणि गुलाबजल रोज लावलं तर मॉइश्चरायझर लागत नाही ना?"

बेटा, बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाच. घटक जास्त ते कमी या क्रमानं लिहिलेले असतात. पहिल्याच जागी 'रोझा डमासीना फ्लॉवर वॉटर' किंवा 'रोज डिस्टिलेट' असेल तर ते ऊर्ध्वपातनाचं, म्हणजे वाफ गार करून धरलेलं पाणी आहे. पहिलं 'ॲक्वा' म्हणजे साधं पाणी, मग 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' आणि शेवटी रंगाचा नंबर असेल तर ते वास घातलेलं पाणी आहे. ते विष नाही, पण वासाची ॲलर्जी असणाऱ्याला तेच खाजवायला लावतं. 'फिनॉक्सीइथेनॉल' किंवा 'सोडियम बेंझोएट' दिसलं म्हणून मात्र घाबरू नकोस. ते टिकवण्यासाठी असतं, आणि महिनोन्‌महिने कपाटात राहणाऱ्या पाण्यात ते नसण्यापेक्षा असलेलं बरं. महाग म्हणजे चांगलं असंही धरू नकोस. आमच्या दुकानात मी दोन्ही विकलेत आणि काही महाग बाटल्यांतही पहिला शब्द ॲक्वाच असायचा.

दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर. गुलाबजल हे पाणीच आहे, लावल्यावर उडून जातं. उडताना त्वचा थोडी आणखी कोरडी करून जातं, आपल्याकडच्या कोरड्या हवेत तर नक्कीच. त्याचा खरा उपयोग चेहरा ओला करण्यापुरता. ओल्या चेहऱ्यावर लगेच तुझं क्रीम किंवा दोन थेंब तेल लाव, म्हणजे ओल आत अडकते. मी करडईचं घाण्याचं तेल वापरते. आपल्या भागात करडई पिढ्यान्‌पिढ्या पिकते आणि ते तेल चेहऱ्यावर जड पडत नाही. तुझा चेहरा तेलकट असेल, पुटकुळ्या येत असतील तर तेलाच्या वाटेला जाऊ नकोस, हलकं जेलसारखं क्रीम घे.

काहीही नवीन लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघ. गुलाबाच्या अस्सल वासात जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल हे घटक असतातच आणि काहींना ते सोसत नाहीत. नैसर्गिक आहे म्हणून सगळ्यांनाच मानवतं, असं होत नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावाहून: "वय अडतीस. दोन्ही गालांवर वांग आहे. शेजारणीनं सांगितलं म्हणून गुलाबजलात लिंबू पिळून लावते. वर दुकानातून आणलेली एक ट्यूब लावते, दोन वर्षं झाली. आधी चेहरा उजळला होता. आता उन्हात भाजल्यासारखं होतं, बारीक फोड येतात, ओठांवर लव वाढली. ट्यूब बंद केली की आणखी लाल होतं. गुलाबजल जास्त लावू का?"

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. गुलाबजल बाजूला ठेवू. ट्यूबच्या पाठीवरचे तीन शब्द बघा, मुलगा दहावीला आहे म्हणता, त्याच्याकडून वाचून घ्या. 'बेटामेथासोन', 'क्लोबेटासोल' किंवा 'मोमेटासोन' यांतलं एक नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. सोबत 'हायड्रोक्विनोन' आणि 'ट्रेटिनॉइन' ही नावंही असण्याची दाट शक्यता आहे. तुम्ही लिहिलेलं एकेक लक्षण, म्हणजे भाजणं, फोड, लव, बंद केल्यावर लाल होणं, महिनोन्‌महिने स्टेरॉइड चेहऱ्यावर लावल्याचंच आहे. त्यानं कातडी कागदासारखी पातळ होते. पहिले काही आठवडे उजळ दिसतं आणि त्या उजळपणावरच बाई अडकते.

अशी ट्यूब डॉक्टर ठराविक आठवड्यांसाठी, स्वतःच्या नजरेखाली देतात. 2018 साली सरकारनं अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम कडक केला. तरी ती किराणा दुकानात, बांगड्यांच्या दुकानात मिळतात. माझ्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय ट्यूब मागायला आलेल्या किती मुलींना मी परत पाठवलं त्याची गणती नाही, आणि त्यातल्या कितीजणी पुढच्या दुकानात जाऊन घेऊन गेल्या असतील तेही मला कळतं. लग्न ठरलेली मुलगी आणि तिची आई दोघी मिळून मागायला यायच्या. गोरेपणासाठी लेकराची कातडी जाळायची ही आपली रीत मला आजही सहन होत नाही.

आता काय करायचं ते सांगते. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि ट्यूब सोबत घेऊन जा, लपवू नका. एकदम बंद करायची की हळूहळू, हे तेच सांगतील. जिल्हा रुग्णालयात त्वचा विभाग असतो, तिथं तपासणीचा खर्च फार येत नाही. लिंबू मात्र आजपासून बंद. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडीवर काळे डाग पडतात, तुमचं वांग त्यानं गडदच झालं असणार. खुरपायला जाताना चेहरा पदरानं गुंडाळता ते चांगलं करता, तो जाड सुती असू द्या. घरातून निघायच्या आधी एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघा भरतील एवढं लावा. दुपारच्या भाकरीच्या वेळी पुन्हा एकदा. वांग गरोदरपणात येतं, गर्भनिरोधक गोळ्यांनी येतं, घराण्यातही असतं, आणि उन्हानं वाढतं. महिन्या दोन महिन्यांत ते जाणार नाही. कामावरून आल्यावर चेहरा साध्या पाण्यानं धुवून गार गुलाबपाण्याची सुती घडी पाच मिनिटं ठेवलीत तर आग कमी वाटेल, तीही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. त्याच्यापुढं गुलाबपाण्याकडून काही मागू नका.

नांदेडहून: "नवीन घरात आलो तेव्हापासून बोअरचं पाणी. केस राठ झाले, मूठमूठ गळतात, डोक्यात पांढरा कोंडा. केसांना गुलाबजलाचा स्प्रे मारला तर फरक पडेल का?"

दोन गोष्टी वेगळ्या करू. राठपणा पाण्याचा, गळणं बहुतेक वेळा अंगातलं.

आपला मराठवाडा काळ्या पाषाणावर बसलेला. खोल बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. तुमच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच साबणाशी मिळून केसांवर चिकट राप होऊन बसतो. म्हणून साबणानं केस धुणं पहिलं बंद करा. शिकेकाई किंवा साधा शॅम्पू, दोन्हीचा असा राप बसत नाही. शेवटच्या तांब्यात एक चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून केसांवरून ओता आणि लगेच साध्या पाण्यानं धुवा. गालावरचं लिंबू आणि केसांवरून वाहून जाणारं लिंबू यात फरक आहे, म्हणून इथं चालतं.

यापेक्षा चांगला उपाय आमच्या आजीकडं होता. मृगाचा पहिला पाऊस पत्र्यावरची धूळ धुऊन गेला की ती पन्हाळीखाली पितळी घागर ठेवायची. ते पाणी फक्त डोकं धुवायला. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, त्यात शिकेकाईचा फेससुद्धा वेगळा यायचा, आणि केस वाळल्यावर हातातून रेशमासारखे सुटायचे. पाणी उकळूनही काही क्षार खाली बसतात, सगळे नाही. लातूरला 2016 साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते दिवस आठवतात, तेव्हा केस धुवायला चांगलं पाणी मागणं हे किती मोठं मागणं आहे याची मला जाणीव आहे. पण पावसाळ्यात छत तुमचंच असतं. एक टाकी, वर जाळी आणि झाकण.

कोंड्याला गुलाबजल उपयोगी नाही. डोक्यावर राहणारी एक बुरशी तेलकटपणावर वाढते आणि कोंडा होतो. म्हणून कोंडा आहे म्हणून तेल थापायचं हे उलटं काम आहे. केटोकोनॅझोल 2 टक्केचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवायचा, चार आठवडे. गळतीसाठी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. बायकांचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं तर ते कमीच. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, आणि बहुतेकांचे परत येतात.

मग स्प्रे? वेणी घालायच्या आधी फणीवर थोडं शिंपडून फिरवा. उडणारे केस बसतात, फोडणीचा वास जातो. मी रोज करते. त्याला औषध म्हणू नका, एवढंच.

जालन्याचे एक भाऊ: "दाढीनंतर फिटकरी लावतो, आग होते. गुलाबजल चालेल?"

चालेल, आणि तुम्ही विचारलंत हे बरं केलंत, पुरुष विचारत नाहीत. फिटकरी कापलेल्या जागी टेकवायची, सगळ्या गालावर घासायची नाही. दाढीनंतर गार गुलाबपाणी हातानं थोपटा, मग साधं क्रीम. ब्लेड दर चार-पाच दाढ्यांनी बदला, निम्मी आग तिथंच संपेल.

सेलू, जि. परभणी: "टाचांना भेगा आहेत. ग्लिसरीन आणि गुलाबजल किती किती?"

एक भाग ग्लिसरीनला तीन भाग गुलाबजल. नुसतं ग्लिसरीन लावू नका. पौष-माघातल्या कोरड्या वाऱ्यात त्याला हवेतून ओल मिळत नाही, मग ते ती कातडीतून ओढून घेतं. रात्री कोमट पाण्यात पाय भिजवा, पुसून लगेच हे मिश्रण, त्यावर खोबरेल किंवा व्हॅसलीन, वर सुती मोजे. भेगेतून रक्त येत असेल किंवा साखरेचा आजार असेल तर घरी काही करत बसू नका.

मुलतानी मातीचं तिघींनी विचारलंय, तेही इथंच सांगून टाकते. तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एकदा, गुलाबजलात कालवून. पूर्ण वाळून चेहरा ताणेपर्यंत ठेवू नका, ओलसर असतानाच धुवा. कोरड्या चेहऱ्याला नकोच.

माजलगावहून एक नवी आई: "बाळ तीन महिन्यांचं. सासूबाई म्हणतात डोळे स्वच्छ राहतात म्हणून रोज एक थेंब गुलाबजल डोळ्यात घाल. त्यांना दुखवायचं नाही. काय करू?"

हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव. बाई, तुमची नातवावरची माया मला कळते. माझ्या सासूबाईही अशाच होत्या.

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते. डोळ्यात खुपतंय म्हणाल्या. मी दुकानावर होते. त्यांनी नातवाला फ्रीजमधली बाटली आणायला सांगितली. मी केलेलं गुलाबपाणी, तीन आठवड्यांपूर्वीचं. वासाला चांगलं होतं, दिसायला नितळ होतं. दोन थेंब घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी पापण्या चिकटलेल्या, डोळा लालभडक, पू. डॉक्टरांनी विचारलं, काय घातलं होतं? माझ्या घशातून शब्द निघेना. दीड महिना थेंब, गोळ्या, फेऱ्या झाल्या. डोळा राहिला, पण त्या डोळ्यानं त्यांना परत सुईत दोरा ओवता आला नाही. गोधड्या शिवायची फार हौस होती त्यांना. मला त्यांनी कधी एका शब्दानं बोल लावला नाही, आणि त्यामुळं मला आजही त्याचं वाईट वाटतं.

दिसायला स्वच्छ पाण्यातही जंतू असतात, आणि काही जंतू तर फ्रीजच्या गारव्यातही हळूहळू वाढतात. डोळ्यात घालायचं औषध निर्जंतुक करून, सीलबंद बाटलीत भरलेलं असतं, आणि ते उघडल्यावरही साधारण महिनाभरच वापरतात. घरच्या पातेल्यातलं पाणी किंवा सौंदर्यप्रसाधनाची बाटली त्या जागी चालत नाही, बाळाला नाही आणि मोठ्यांनाही नाही. बाळाचे डोळे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसानं आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. चिपडं वाढली, पांढरा भाग लाल झाला तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ. मोठ्यांना डोळे थकल्यावर गारवा हवा असेल तर ताज्या गुलाबपाण्याची घडी मिटलेल्या पापण्यांवर ठेवावी, तीही नीट पिळून.

आणि हिंगोलीहून: "गावरान गुलाब लावायचाय. आमची काळी जमीन. जगेल का?"

जगेल. काळ्या मातीत पाणी साचतं आणि गुलाबाची मुळं कुजतात, म्हणून दीड फूट खड्डा घेऊन निम्मी माती काढा आणि मुरूम व कुजलेलं शेणखत मिसळून भरा. पाच-सहा तास ऊन येईल अशी जागा हवी. काडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब. वरचा छाट तिरका, खालचा काडीच्या डोळ्याच्या, म्हणजे फूट निघते त्या गाठीच्या, लगेच खाली, आणि निम्मी काडी मातीत. आषाढ-श्रावणात लावली तर पाणी घालायचीही फारशी गरज पडत नाही. पहिल्या कळ्या खुडून टाका, म्हणजे मुळं धरतील. मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात. मावा आला तर निंबोळी अर्क फवारा आणि त्यानंतर महिनाभर त्या झाडाच्या फुलांचं पाणी करू नका.

माझ्या अंगणातलं झाड चाचीच्या झाडाच्या काडीचं आहे. ती काडी मी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी एसटीतून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. या पावसाळ्यात त्याच्या काड्या काढणार आहे. अंबाजोगाईला येणं झालं तर दुकानावर विचारा. मागच्या पडवीत ओल्या गोणपाटात बांधून ठेवलेल्या असतील, सून देईल.